अणुभट्टीच्या गावाहून मुक्ताला आणायला

प्रिय ईरा आणि निहार,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं एकदमच बोलत होतात, म्हणून मी उत्तर द्यायचं टाळलं. ईराला शाळेच्या वादविवादात अणुविजेच्या बाजूने बोलायचं आहे, निहारला ते पटत नाही. तुमच्या देशात तर अणुभट्ट्या बंद करून झाल्या, आणि आता त्या पुन्हा हव्यात की नकोत यावर जेवणाच्या टेबलावर भांडणं होतात असं तुमचा बाबा सांगत होता. "आजी, तू कोणाच्या बाजूने?" असं तुम्ही विचारलंत. हा प्रश्न फोनवर उरकण्यातला नाही. मागच्याच महिन्यात मी निर्मलाआजीबरोबर अशाच एका भट्टीच्या गावी जाऊन आले. काय पाहिलं ते सविस्तर लिहिते. बाबाला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.

आत्ताच लिहिते आहे याला एक कारण आहे. तुमच्या मुक्ताआत्याचे दिवस भरत आले आहेत. एकदा बाळ झालं, की जे काही होईल त्यावरून सगळे म्हणतील, आम्हाला माहीतच होतं. तसं मलाही वाटू लागेल. म्हणून पुढचं काहीच ठाऊक नसताना हे लिहून ठेवते.

सोलापूर

प्रभाकर, माझा धाकटा भाऊ, गेल्या वर्षी मे महिन्यात गेला हे तुम्हाला सांगितलं होतं. कसा गेला ते सांगितलं नव्हतं. तो केम गावी एका लग्नाला गेला होता. दुपारच्या गाडीने परत आला आणि स्टेशनवर रिक्षा मिळेना म्हणून चालत घरी आला. त्या दिवशी त्यांच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला होता. पंखे बंद. वरचा स्लॅब दिवसभर तापलेला. प्रभाकर पाणी प्याला आणि आतल्या खोलीत आडवा झाला. संध्याकाळी त्याची बायको, तुमची निर्मलाआजी, चहा घेऊन गेली तेव्हा त्याचं अंग चटका बसावा इतकं तापलं होतं, आणि तो तिला ओळखत नव्हता. दवाखान्यात बर्फ लावला, सलाईन लावलं. तो परत आला नाही.

ऊन आम्हाला नवीन नाही. सोलापूरच्या माणसाला उन्हाचं कौतुक सांगू नये. पण आमच्या लहानपणी अंगणात बाज टाकली की पहाटे पायाशी ठेवलेली चादर ओढून घ्यावी लागायची. ती पहाट आता उरलेली नाही. रात्रीही भिंती गरमच असतात. मी वर्षानुवर्षं शाळेत भूगोल शिकवला. पृथ्वीभोवती धुरातल्या वायूंचं पांघरूण कसं जाड होत जातं ते फळ्यावर काढून दाखवलं. शहराच्या दक्षिणेला कोळशावरचं मोठं वीजकेंद्र आहे, त्याचं धुराडं हवा स्वच्छ असली की गच्चीवरून दिसतं. त्या उन्हात तग धरायला आम्ही पंखे लावतो आणि पंखे त्या कोळशावर फिरतात. फळ्यावर हे सोपं होतं. प्रभाकरच्या खोलीत ते तसं राहिलं नाही.

मुक्ता ही त्याची एकुलती एक मुलगी. तिचा नवरा अभिजित कुर्डुवाडीचा, त्याचे वडील रेल्वेच्या कारखान्यात होते. अभिजित अणुवीजकेंद्रात नोकरीला आहे. स्थळ आलं तेव्हा निर्मला तयार नव्हती. प्रभाकर म्हणाला होता, "मुलगा सरळ आहे, भट्टी त्याने थोडीच लावली." लग्न झालं. पण निर्मला लेकीच्या घरी कधी गेली नव्हती.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात. सातवा महिना झाला की आई जाऊन लेकीला घेऊन येते. तशी निर्मला मार्चअखेरीस निघाली आणि मला म्हणाली, "वन्सं, तुमीबी चला. तितं काय काय इंग्रजीत लिवलेलं आसतंय. मला वाचून सांगायला कुणीतरी पायजे की." वन्सं म्हणजे नवऱ्याची बहीण. इतक्या वर्षांत तिने मला नावाने हाक मारलेली नाही.

निघताना तिच्या सामानात कडक भाकरीची चळत होती, शेंगाचटणीचा डबा होता आणि पाण्याने भरलेला एक मोठा कॅन होता. कडक भाकरी आमच्याकडे महिनाभरही टिकते, ते समजलं. पाण्याचं मी विचारलं.

"आमच्यात लेकीला मूल होईस्तवर तिच्या घरचं अन्नपाणी घेत न्हाईत," ती म्हणाली.

हा रिवाज खरा आहे, बऱ्याच घरांत पाळतात. पण निर्मला रिवाज पाळणाऱ्यांतली नाही. प्रभाकर गेल्यावर तिने कुंकू पुसलं नाही, गल्लीतल्या बायका बोलल्या तरी नाही. त्यामुळे भट्टीच्या गावचं पाणी तिला नको आहे, हे मला समजलं.

घाट उतरताना

विजापूरमार्गे कर्नाटकात शिरलो, मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बस धरली. त्या वीजकेंद्राचं नाव मी इथे लिहीत नाही. अभिजितने सांगितलं होतं, गावाचं वर्णन करा, नाव कशाला. नोकरीची शिस्त आहे, आपण मोडू नये.

घाटमाथ्यापर्यंत सगळं आपल्यासारखंच होतं. काळी जमीन, ज्वारी काढून झालेली शेतं, बांधावर बाभळी. मग बस वळली आणि दोन्ही बाजूंना जंगल उभं राहिलं. साग, बांबू, आणखी कितीतरी झाडं ज्यांची नावं मला आली नाहीत. खिडकीतून गार वारा येऊ लागला. निर्मलाने पदर कानांवरून घेतला. मार्चअखेर, आणि आम्हाला पदर घ्यावा लागत होता.

एका वळणावर पाण्याचा कॅन सीटखालून सुटला आणि घरंगळत पुढे गेला. झाकण उडालं आणि अर्धं पाणी एका माणसाच्या तांदळाच्या पोत्याखाली गेलं. तो माणूस कुरकुरला. कंडक्टरने कॅन उचलून आणला आणि कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला तशी बस हसली. निर्मला सीमेवरच्या दुधनीची, कन्नड तिला मराठीइतकंच येतं. तिने त्याला फटकन उत्तर दिलं तेव्हा बस पुन्हा हसली.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, आक्का, खाली नदी भरून वाहती आणि तुमी तिला पाणी घिऊन चाललाय व्हय?"

"आणि तू?"

"म्हनलं, आमी सोलापूरचे. पाणी सांडलेलं बगायची आमाला सवय न्हाय, तुमी हसा."

मग ती बराच वेळ कॅन मांडीवर धरून बसली होती.

खाली उतरताना कंडक्टरनेच बोट दाखवलं. झाडीतून दोन मोठे करडे घुमट दिसले. मशिदीचे असावेत तसे, पण खिडकी नाही, नक्षी नाही. मी धुराडं शोधत होते. धूर नव्हता. घुमटांवर बगळ्यांचा एक थवा गेला. निर्मलाने एकदाच पाहिलं आणि मान फिरवली.

वसाहत

नोकरदारांची वसाहत भट्टीपासून बऱ्यापैकी लांब आहे. फाटकावर ओळखपत्रं दाखवावी लागली, वहीत सह्या झाल्या. आत गेल्यावर मात्र कुठल्याही सरकारी वसाहतीसारखंच. पिवळट इमारती, फणसाची झाडं, लहान मुलांच्या सायकली, एक दवाखाना, एक शाळा. मुक्ता खाली येऊन उभी होती. अंगाने भरली होती, चेहरा मात्र प्रभाकरचा. निर्मलाने तिला जवळ घेतलं नाही. आधी दोन्ही हातांनी तिचे दंड चाचपले, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि मग म्हणाली, "बरी दिसतीस."

"बरीच आहे आई. तू काय बाजारात आलीस का मला बघायला?"

अभिजितने पाण्याचे ग्लास आणले. मी प्याले. निर्मलाने हात जोडले आणि रिवाज सांगितला. अभिजित बिचारा "बरं आई" म्हणाला. मुक्ताने कॅनकडे पाहिलं.

"हे सोलापूरचं पाणी? नळाला चार-पाच दिवसांनी येतं ते? ते तू इकडं आणलंस?"

"आपल्या घरचं हाय."

"आणि बाबा गेल्यावर गल्लीतल्या बायकांना काय म्हणाली होतीस? रिवाज माणसासाठी असतो म्हणून. आता कुठून आला हा रिवाज?"

निर्मलाने डबा उघडला, भाकरी मोडून चटणीबरोबर खाल्ली आणि आपल्या कॅनमधलं पाणी प्याली. आम्ही तिघं जेवलो. उकड्या तांदळाचा भात, खोबऱ्याचं वाटण घातलेली मसूर, कोकमाचं सार. आपल्याकडे शेंगदाण्याशिवाय पान हलत नाही, तिकडे खोबऱ्याशिवाय. मला जेवण आवडलं, पण तिच्यासमोर तसं म्हणायचं धैर्य झालं नाही.

दुपारी मुक्ताने भरून ठेवलेली बॅग दाखवली. बाळाची दुपटी, टोपरी, सगळं घड्या घालून. "मी यायला तयार आहे आत्या," ती मला म्हणाली. आवाजात उत्साह नव्हता. मग कळलं की तिचा रक्तदाब थोडा वाढलेला आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की प्रवास जपून केला तर चालेल, पण उन्हाळ्यात, तापलेल्या घरात राहू नये.

बाळ मे महिन्यात अपेक्षित होतं. मे महिन्यात, त्याच घरात, त्याच स्लॅबखाली.

संध्याकाळी अभिजित मला वसाहतीत फिरवायला घेऊन गेला. छातीवर बिल्ला लावल्याची खूण त्याच्या शर्टावर पडलेली आहे. भट्टीत जाणाऱ्या प्रत्येकाला तो बिल्ला लावावा लागतो. अंगावर किती किरण आले ते त्यातून मोजतात, आणि ठरलेल्या मर्यादेजवळ कोणी पोचलं तर त्याला आत सोडत नाहीत, मग तो साहेब असो की सफाईवाला. मी विचारलं, "मुक्ताला न्यायचं की नाही, तुझं मत काय?"

"आत्या, मी जावई," तो म्हणाला. "‘पाठवत नाही’ म्हटलं तर वाईट दिसतं. ‘पाठवतो’ म्हटलं तर मला रात्री झोप येणार नाही. सासरे कसे गेले ते मला ठाऊक आहे. माझी आई इकडं येऊ शकत नाही, वडील अंथरुणावर आहेत. म्हणजे इथं ठेवलं तरी तिच्याजवळ बाईमाणूस कोण? तुम्ही बोला ना आईंशी."

मी म्हटलं, बोलेन. पण निर्मलाशी बोलून ती ऐकते असा माझा अनुभव नाही.

भोंगा

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ता कांदा परतत होती आणि निर्मला तिच्या केसांना तेल लावायला म्हणून मागे उभी होती. एकाएकी भोंगा वाजला. लांब, चढत जाणारा. सोलापुरात आम्ही गिरण्यांच्या भोंग्यावर वाढलो. भोंगा झाला की बापाचा डबा भरायचा, भोंगा झाला की शाळेला निघायचं. माझ्या मनात आधी तेच आलं. निर्मलाच्या मनात ते आलं नाही. तिने मुक्ताला दंडाला धरून ओढत आतल्या खोलीत नेलं, पलंगावर बसवलं आणि धाडधाड सगळ्या खिडक्या लावल्या. दाराच्या फटीत चादर कोंबली. कढईतला कांदा जळून काळा झाला, घरभर धूर झाला, तरी ती खिडकी उघडू देईना.

भोंगा थांबला. मुक्ता म्हणाली, "आई, चाचणी आहे. ठरलेल्या दिवशी वाजवतात."

निर्मला घामाने भिजली होती. त्या गार हवेत.

मुक्ता हसायला लागली आणि मग मध्येच थांबली. "पण तू केलंस ते बरोबर केलंस. आम्हाला हेच शिकवलंय. भोंगा झाला की घरात जायचं, खिडक्या लावायच्या, पुढची सूचना येईपर्यंत बाहेर पडायचं नाही. तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाया पायजे," निर्मला म्हणाली.

 मी कढई घासायला घेतली. मला वाटत होतं, आता ही आजच्या आज निघायचं म्हणणार.

गंगव्वाच्या अंगणात

ती तसं म्हणाली नाही. तिने मला दुपारी बाहेर काढलं. फाटकाबाहेर, नदीच्या अंगाला थोडी वस्ती आहे, तिथून मुक्ताकडे दूध येतं. दूध घालणारी गंगव्वा घाटावरची, विजापूरकडची. नवऱ्याला इथे ठेकेदाराकडे काम मिळालं तेव्हा आली आणि राहिली. निर्मला तिच्याशी कन्नडमध्ये बोलायला लागली तेव्हा तिचा चेहराच बदलला. तिच्या माहेरची, घाटावरची बोली बोलणारं कोणीतरी भेटलं होतं. मधूनमधून निर्मला मला मराठीत सांगत होती.

गंगव्वाच्या गोठ्यात एक म्हैस, दोन गाई. दर थोड्या दिवसांनी वीजकेंद्राच्या प्रयोगशाळेचा माणूस येतो आणि तिच्या गाईचं दूध बाटलीत घेऊन जातो. शेजारच्याच्या परसातली भाजी नेतो, कोळ्याकडून मासा नेतो, विहिरीचं पाणी नेतो. किरणांचा अंश कुठे उतरला आहे का ते पाहतात.

"मग सांगतात काय?" निर्मलाने विचारलं.

गंगव्वा म्हणाली की सांगतात, चांगलं आहे. ते कागद फलकावर लावतात असंही म्हणतात, तिला वाचता येत नाही.

"तुमाला खरं वाटतं?"

गंगव्वाने हात पुसले. "यारिगे गोत्तु, अक्का." कुणाला ठाऊक. मग म्हणाली, "वाईट असतं तर सांगितलं असतं का, हे मी कुणाला विचारू? माझी पोरगी हेच दूध प्याली. तिची पोरं हेच पितात. पोरं चांगली आहेत. नदीचे मासे पूर्वीइतके मिळत नाहीत असं कोळी म्हणतात. पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही असंही म्हणतात. काय कशाने झालं, मला नाही कळत."

तिने आम्हाला ताक दिलं. मी प्याले. निर्मलाने पेला हातात घेतला, पाहत राहिली आणि म्हणाली, हे लेकीचं घर नाही. एवढं बोलून प्याली. तिच्या रिवाजात गंगव्वाचं घर बसत नव्हतं, आणि माहेरच्या बोलीतून आलेलं ताक तिला नाकारता आलं नाही.

वाटेत ती एवढंच म्हणाली, "हिनं मला धीर दिला न्हाय. बरं झालं. धीर देणाऱ्यांनी मला लई छळलंय."

राख कुठे टाकता

रात्रीचं जेवण लवकर झालं. अभिजित दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला होता. निर्मला त्याच्यासमोर बसली आणि पहिल्यांदा सरळ बोलली.

"जावईबापू, आमच्याकडं कोळसा जाळत्यात, त्येची राख डोळ्याला दिसती. तुमची राख कुटं जाती?"

मला वाटलं तो एखादं पुस्तकी उत्तर देईल. त्याने तसं केलं नाही.

"राख नसते आई, पण वापरलेलं इंधन असतं. ते पाण्याच्या खोल हौदात ठेवतात, थंड व्हायला. बरीच वर्षं. मग त्यातलं कामाचं काढून पुन्हा वापरतात. जे उरतं ते काचेत कोंडून ठेवतात."

"कुटं ठिवत्यात?"

"सध्या बंदोबस्तात, तळघरांत. कायमचं कुठे ठेवायचं ते अजून ठरलेलं नाही."

"कायमचं म्हंजी किती?"

"हजारो वर्षं."

निर्मला मग म्हणाली, "तवर तितं हात लावू नगा म्हणून सांगायला कोण राहणार हाय?"

"ते कुणालाच नीट माहीत नाही," अभिजित म्हणाला.

"मग तुमी हे कशाला करताय?"

"धूर होत नाही म्हणून. आणि ऊन नसलं, वारा नसला तरी वीज चालू राहते म्हणून."

"ऊन नसलं तरी! आमच्याकडं ऊन कमी हाय व्हय? त्येच्यावर करा की."

"तेही करायलाच पाहिजे, आई. ते लवकर होतं. आमचं काम मोठं संथ. पोरगं पाळण्यात असताना पाया खणला तर ते शाळा संपवतं तेव्हा दिवा लागतो. पण रात्री दवाखाने चालवायचे, कारखाने चालवायचे, तेवढं सगळं उन्हावर आज तरी भागत नाही. मग उरतो कोळसा. नाहीतर आम्ही."

"तुमच्या भट्टीनं सोलापूरचं ऊन कमी हुईल?"

"नाही. वाढायचं ते थोडं कमी वाढेल. तेही सगळ्यांनी मिळून केलं तर. आमच्या एकट्याच्याने होणार नाही."

ईरा, तुझ्या वादविवादात याहून प्रामाणिक वाक्य तुला सापडणार नाही. आणि निहार, तुझ्या बाजूलाही नाही.

मुक्ता इतका वेळ दारात उभी होती. ती म्हणाली, "आई, भट्टीचं राहू दे. मला सोलापूरला यायचंय. बाबांच्या घरात माझं बाळंतपण व्हावं असं मला लहानपणापासून वाटतंय. पण त्या खोलीत झोपायची मला भीती वाटते. हे तुला कसं सांगू, कळत नव्हतं."

निर्मला उठून आत गेली.

सकाळ

आमच्या परतीच्या गाडीची तिकिटं तिघींची होती. सकाळी उठले तेव्हा निर्मला स्वयंपाकघरात उभी होती. तिच्या कॅनमध्ये अजून पाणी होतं. तिने ओट्यावरच्या माठातून ग्लास भरला आणि उभ्या उभ्या पिऊन टाकला, जसं आपण उन्हातून आल्यावर पितो. मुक्ता तिथेच होती.

"आई, मूल व्हायचंय अजून."

"ठावं हाय मला. बाळंतपण हितंच. मी राहती."

"लोक काय म्हणतील? पहिलं बाळंतपण आणि आई लेकीच्या घरी येऊन राहिली?"

"लोकाचं मी कदी आयकलंय व्हय?" निर्मला ग्लास विसळत म्हणाली. "आगं, तू हेच पाणी पितीस. पोटातलं पितंय. माज्याच घशाला काय सोनं लागलंय? जे व्हायचं ते तुमाला हुईल आणि मी सोलापूरचं पाणी पिऊन कोरडी राहीन, आसं कसं चालंल?"

"म्हणजे तुझी भीती गेली?"

"गेली आसं कुणी म्हनलं? तिकडचीबी न्हाय गेली, हिकडचीबी न्हाय गेली. तिकडं मी एकदा बघितलंय. हितलं न्हाय बघितलं. म्हणून हितं राहती. त्येच्याम्होरं मला कळत न्हाय."

अभिजित कामावर निघाला होता. त्याने वाकून निर्मलाच्या पायांना हात लावला. ती म्हणाली, "तुमचा तो बिल्ला रोज नीट लावत जावा."

मी एकटीच परतले. उरलेल्या भाकऱ्या आणि चटणी मुक्तासाठी ठेवून आले, तिला डोहाळे त्याचेच लागले होते. कॅनमधलं पाणी निर्मलाने फणसाच्या झाडाला घातलं.

पुन्हा सोलापूर

घाट चढून आल्यावर बसच्या खिडक्यांतून गरम वारा लागायला लागला आणि मी घरी आले हे मला अंगाला कळलं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. माझ्या पिढीने पंख्याखाली बसून कोळसा जाळला आणि तुमच्यासाठी ऊन ठेवलं. अणुवीज वापरली तर ऊन जरा कमी ठेवू, पण त्याबरोबर काचेत कोंडलेलं असं काहीतरी ठेवू ज्यावर हजारो वर्षं कोणीतरी पहारा करायला हवा. दोन्हींपैकी काहीही न ठेवता निघून जाण्याची सोय आम्हाला उरलेली नाही. माझं मत विचाराल तर, कोळसा आधी थांबावा, उन्हावाऱ्याची वीज जितकी लवकर होईल तितकी व्हावी, आणि ज्या भट्ट्या नीट, उघड तपासणीखाली चालतात त्या इतक्यात बंद करू नयेत. फलकावर लावलेला कागद गंगव्वाला तिच्या भाषेत कोणीतरी वाचून दाखवावा. हे मत मी भूगोलाची शिक्षिका म्हणून देते. निर्मलाने मत दिलं नाही. ती तिथे राहिली. तिचं करणं माझ्या मतापेक्षा मोठं आहे, असं मला वाटतं.

इकडे एप्रिलनेच मे महिन्याचा ताप धरला आहे. अकरानंतर रस्ता ओस पडतो. गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या माणसांना परवा सलाईन लावावं लागलं. प्रभाकरच्या घराला कुलूप आहे. काल संध्याकाळी निर्मलाचा फोन आला. मुक्ताचा रक्तदाब डॉक्टरांनी पाहिला, फार वाढलेला नाही. बाळ फिरतं आहे, लाथा मारतं आहे. निर्मला तिथल्या बायकांना शेंगाचटणी शिकवते आहे आणि त्या तिच्यात खोबरं घालतात म्हणून चिडते आहे.

हे लिहिते आहे त्या घडीला आम्ही सगळे आहोत. मी इथे. निर्मला, मुक्ता आणि अभिजित तिथे. आणि ज्याचं अजून नाव ठेवायचं आहे, तेही, मुक्ताच्या पोटात.

तुमची,
आजी